अंडपेशीत तारककेंद्रच नसतं, मग स्पिंडलची दोन टोकं ठरवतं कोण?

रोहिणी_क

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पेशीविभाजनाची आकृती आपण सगळ्यांनी वहीत काढलेली आहे: दोन टोकांना दोन तारककेंद्रं, त्यांच्यापासून निघालेले तुर्कतंतू आणि मधोमध रांगेत उभी गुणसूत्रं. शरीरातल्या साध्या पेशींसाठी ती बरोबरच आहे. पण माणसाच्या, उंदराच्या, बेडकाच्या, फळमाशीच्या अंडपेशीत अर्धसूत्री विभाजन होतं तेव्हा तिथे तारककेंद्र नसतं. अंडपेशी तयार होत असतानाच ते नाहीसं होतं. तरीही या तंतूंचा सांगाडा, म्हणजे स्पिंडल, उभा राहतो, त्याला दोनच टोकं असतात आणि गुणसूत्रांची वाटणी होते.

हे कसं घडतं याबद्दल आमच्या पुस्तकात एक ओळ नाही. मोटर प्रथिनं हे काम करतात एवढं मी वाचलंय, म्हणजे कायनेसिन आणि डायनीन. पण हे तंतू ज्यांचे बनतात त्या नलिकेवरून नुसतं चालणारं प्रथिन 'टोक इथे' हे कसं ठरवणार? माझं ठाम मत आहे की हा भाग मुलांना शिकवायलाच हवा. आपल्यातल्या प्रत्येकाची सुरुवात याच विभाजनातून झाली आहे. ज्यांनी या विषयात काम केलंय किंवा वाचलंय त्यांनी कृपया हात आखडता न घेता लिहा.

गंपूशेठ

स्पिंडलची दोन टोकं सापडेपर्यंत या धाग्याला तिसरं टोक फुटणार हे नक्की. बैठक मारून बसलोय.

जुना_मेकॅनिक

चाकणला मशीन डिझाइनमध्ये आयुष्य गेलं, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं. तरी शंका विचारतो. दोन टोकं असलेली कुठलीही रचना उभी करायची तर आधी दोन स्थिर बिंदू लागतात. तारककेंद्र हे असे बिंदू असतील तर ते काढून टाकल्यावर रचना कोसळली पाहिजे. कोसळत नाही, म्हणजे कंट्रोलर दुसरीकडे कुठेतरी बसलेला आहे. तो सापडला की उत्तर सापडलं.

नाथा_सोलापूर

आमचा मांडवाचा धंदा, तिसरी पिढी. मेकॅनिक साहेबांशी सहमत. पन्नास माणसं आणि हजार बांबू मैदानात सोडा आणि मुकादम घरी पाठवा, बघा मांडव होतो का!

पेशीवेडा

रोहिणीताई, उंदराच्या अंडपेशींवर काही वर्षं काम केलंय, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही. जरा लांबेल.

आधी नलिका समजून घेऊ. ट्युब्युलिन या प्रथिनाचे कण ओळीने जुळून सूक्ष्मनलिका बनते, तिची जाडी साधारण २५ नॅनोमीटर. सगळे कण एकाच दिशेला तोंड करून बसलेले असतात, म्हणून नलिकेची दोन टोकं सारखी नसतात. 'अधिक' टोक भराभर वाढतं आणि तितक्याच भराभर झडतं. 'उणे' टोक त्या मानाने शांत. मोटर प्रथिनाला ही दिशा पायाखाली कळते. कायनेसिन एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चून ८ नॅनोमीटरचं एक पाऊल टाकतं. बहुतेक कायनेसिनं अधिक टोकाकडे चालतात, डायनीन उणे टोकाकडे.

आता कायनेसिन-५ बघा. याला चार डोकी, दोन या अंगाला आणि दोन त्या अंगाला. त्यामुळे ते एकाच वेळी दोन नलिका धरू शकतं. दोन्ही नलिका एकाच दिशेच्या असतील तर डोकी बरोबरीने चालतात आणि नलिका आपल्या जागी राहतात. पण नलिका उलटसुलट असतील तर या बाजूची डोकी डावीकडे निघतात, त्या बाजूची उजवीकडे, आणि नलिका एकमेकींवरून सरकतात. दोघींची उणे टोकं एकमेकींपासून लांब ढकलली जातात, अधिक टोकं मध्ये राहतात. हजारो नलिकांवर हेच चालू राहिलं की उणे टोकांचे दोन गट दोन बाजूंना जमा होतात. कुठल्याही मोटरला पूर्ण स्पिंडल 'माहीत' असावा लागत नाही. तिला फक्त पायाखालच्या नलिकेची दिशा कळली तरी पुरतं.

हे गट नीट बांधायचं काम डायनीनचं. न्यूमा नावाचं प्रथिन उणे टोकांपाशी असतं, डायनीन त्याच्यासोबत एका नलिकेचं टोक धरून शेजारच्या नलिकेवरून तिच्या उणे टोकापर्यंत नेतं. टोकं जवळ येत जातात आणि स्पिंडल निमुळता होतो.

मुळात नलिका उगवतात कुठे, तर गुणसूत्रांभोवती. गुणसूत्रांवर आरसीसी१ हे प्रथिन बसलेलं असतं. ते रॅन नावाच्या छोट्या प्रथिनाला सक्रिय करतं, आणि सक्रिय रॅन जिथे दाट तिथे नलिका बनवणारे घटक मोकळे होतात. म्हणजे सुरुवात मधून होते, टोकं मागाहून तयार होतात. शाळेतल्या आकृतीच्या बरोबर उलट!

नाथाभाऊ, तुमचा मुकादम शोधायचा तर थेट मैदानाच्या मध्यभागी बघायला हवं. गुणसूत्रं 'इथे बांबू आणा' एवढंच सांगतात. बांबू कसे लावायचे ते कामगार आपसांत ठरवतात.

नाथा_सोलापूर

असे कामगार कुठे मिळतात, पत्ता द्या. भाव ठरवायला मी स्वतः येतो.

जुना_मेकॅनिक

पेशीवेडा, समजावलंत झकास, पण दोन आक्षेप आहेत. एक, हे सगळं कागदावर पटतं, पुरावा काय? दोन, उणे टोकांचे दोनच गट का? तीन किंवा पाच का नाहीत?

पेशीवेडा

पुराव्यातला मला सगळ्यात आवडणारा प्रयोग १९९६ चा. हायडेलबर्गच्या युरोपियन मॉलिक्युलर बायॉलॉजी लॅबोरेटरीत रिबेका हील्ड, एरिक कार्सेंटी आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकी बेडकाच्या, म्हणजे झेनोपसच्या, अंड्यांचा अर्क घेतला. त्यात डीएनए चिकटवलेले सूक्ष्म मणी सोडले. तारककेंद्र नाही, गुणसूत्रबिंदू नाहीत, खरी गुणसूत्रंसुद्धा नाहीत. तरी मण्यांभोवती नलिका उगवल्या आणि दोन टोकांचा स्पिंडल तयार झाला. डायनीनचं काम प्रतिपिंडांनी थांबवल्यावर टोकं विस्कटली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर दुसरं काही सुचलं नव्हतं.

कायनेसिन-५ चा पुरावाही सरळ आहे. १९९९ मध्ये मोनॅस्ट्रॉल नावाचं रसायन सापडलं. ते हे कायनेसिन थांबवतं. मग नलिका दोन बाजूंना जातच नाहीत, एकाच केंद्राभोवती गोल पसरतात आणि गुणसूत्रं त्यांच्याभोवती कडं करून अडकून राहतात.

'दोनच का' हा प्रश्न अगदी नेमका आहे. सुरुवातीला दोन नसतातच. उंदराच्या अंडपेशीत तारककेंद्र नसलं तरी नलिका उगवणारे छोटे बिंदू असतात. २००७ मध्ये मेलिना शू आणि यान एलेनबर्ग यांनी जिवंत अंडपेशीत ते मोजले, ८० हून जास्त निघाले. ते एकत्र येऊन आधी नलिकांचा एक गोळा होतो. मग कायनेसिन-५ च्या जोरावर बिंदू गोळ्याबाहेर ढकलले जातात, काही काळ स्पिंडलला अनेक टोकं दिसतात, आणि मग ती एकेक करून मिसळत दोनवर येतात. एकमेकांपासून दूर ढकलणाऱ्या मोटरी आणि जवळ आणणाऱ्या मोटरी, दोन्ही लागतात. नुसत्या ढकलणाऱ्या असतील तर टोकं विखुरतील, नुसत्या जवळ आणणाऱ्या असतील तर सगळी एकात मिळतील.

फळमाशी

जवळ आणणाऱ्या मोटरींचा विषय निघालाय तर आमच्या माशीचा मान पहिला!

१९२९ मध्ये आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी ड्रोसोफिला सिम्युलन्स या माशीतल्या 'क्लॅरेट' उत्परिवर्तनाचा अभ्यास छापला. डोळ्यांचा रंग बदललेल्या या माद्यांच्या पिल्लांमध्ये गुणसूत्रं हरवायची. काही पिल्लं तर अर्धी नर, अर्धी मादी. डोळ्यांचा रंग आणि गुणसूत्रांची गळती यांचा संबंध काय, हे कोडं साठ वर्षं तसंच राहिलं. १९९० मध्ये जनुक हाती आलं आणि कळलं की शेजारशेजारची दोन जनुकं एकदम बिघडली होती. त्यातलं एक होतं कायनेसिनसारखं मोटर प्रथिन. त्याचं नाव एनसीडी. आणि ते चाललं उणे टोकाकडे! तोवर कायनेसिन म्हणजे अधिक टोकाकडे जाणारं, अशी सगळ्यांची समजूत होती.

आज याला कायनेसिन-१४ म्हणतात. डोकं एका नलिकेवर चालतं, शेपूट दुसऱ्या नलिकेला धरून ठेवते. त्यामुळे नलिकांचा जुडगा बांधला जातो. एनसीडी नसलेल्या माशीच्या अंडपेशीत स्पिंडलची टोकं फुटतात, गुणसूत्रं कुठेही भरकटतात. साध्या पेशीत तारककेंद्र असल्यामुळे बरंच निभावून जातं. अंडपेशीला ती सोय नाही, म्हणून मोटर बिघडली की पहिला फटका अंड्याला.

एक मतभेद मात्र नोंदवतो. पेशीवेडा कायनेसिन-५ ला नायक करतायत, पण सी. एलेगन्स या सूत्रकृमीच्या अंडपेशीत त्याच्यावाचून काही अडत नाही. तिथे बाहेर ढकलायचं काम कायनेसिन-१२ कुळातलं केएलपी-१८ करतं. ते काढलं की एकाच टोकाचा स्पिंडल. तेव्हा 'अमुक मोटर टोकं करते' असं वर्गात सांगू नये. मोटरीचं काम सांगावं. नाव प्राण्यागणिक बदलतं.

पेशीवेडा

@फळमाशी, सूत्रकृमीचं मान्य. पण सस्तन प्राण्यांपुरतं बोलायचं तर कायनेसिन-५ चं स्थान मी खाली आणणार नाही.

गंपूशेठ

उंदीरवाले विरुद्ध माशीवाले. कृमीवाल्यांनी मध्यस्थी करावी.

वनवासी

वनस्पतीशास्त्राच्या माणसाला इथे बोलायला जागा आहे का? सगळे प्राण्यांवरच बोलताय. फुलझाडांच्या कुठल्याच पेशीत तारककेंद्र नसतं, मुळाच्या टोकापासून पानापर्यंत कुठेच नाही. तरी कांद्याच्या मुळात विभाजन इतकं सुरेख दिसतं की प्रत्येक कॉलेजात पहिलं प्रात्यक्षिक तेच. तेव्हा तारककेंद्राशिवाय स्पिंडल हा अपवाद समजू नका. जगातल्या बहुतेक हिरवाईचं विभाजन तसंच चालतं.

अवांतर: पावसाळ्यात सह्याद्रीत कळलावीची लाल-पिवळी फुलं सगळ्यांनी पाहिली असतील. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असतं. ते ट्युब्युलिनला धरून बसतं आणि नलिका वाढू देत नाही. स्पिंडल बनत नाही, गुणसूत्रं वाटली जात नाहीत. १९६० च्या दशकात ट्युब्युलिन हे प्रथिन ओळखलं गेलं तेही कोल्चिसीन कशाला चिकटतं याचा माग काढूनच. कळ यावी म्हणून बाळंतिणीला कळलावी देण्याची जुनी रीत होती. कंद अत्यंत विषारी आहे, माणसं दगावलेली आहेत. कुणी घरगुती प्रयोग करू नयेत, कळकळीने सांगतो.

सुमतीबाई

आमच्या ह्यांना युरिक अॅसिडच्या दुखण्यावर डॉक्टरांनी कोल्चिसीनच्याच गोळ्या दिल्या होत्या. तेच का हे?

वनवासी

हो सुमतीताई, तेच. गाऊटसाठी डॉक्टर ते अगदी मोजून देतात. मात्रा जराशी वाढली तरी महागात पडतं, म्हणून स्वतःच्या मनाने कमीजास्त करू देऊ नका.

डॉ_सई

मी पुण्यात आयव्हीएफ प्रयोगशाळेत भ्रूणतज्ज्ञ आहे. इथे ज्या स्पिंडलची चर्चा चाललीय तो मी कामाच्या दिवशी डोळ्यांनी बघते, म्हणून थोडं लिहिते.

नलिका ओळीने मांडलेल्या असल्यामुळे ध्रुवित प्रकाशात स्पिंडल वेगळा चमकतो. शिन्या इनोउए यांनी १९५३ मध्ये याच युक्तीने जिवंत पेशीतले तंतू दाखवले, आणि त्यांनी निवडलेली पेशी होती कीटॉप्टेरस या समुद्री कृमीची अंडपेशी. त्याआधी 'हे तंतू खरे नाहीत, पेशी मारून रंगवल्यामुळे दिसतात' असं म्हणणारे कमी नव्हते. आज शुक्राणू सुईने आत सोडताना आम्ही त्याच तत्त्वाचं भिंग वापरू शकतो. रंग लावावा लागत नाही, अंड्याला इजा होत नाही, सुई स्पिंडलपासून लांब ठेवता येते.

हा स्पिंडल थंडीला फार नाजूक आहे. अंडपेशी ३७ अंशांवरून खोलीच्या तापमानाला काही मिनिटं जरी राहिली तरी नलिका विरघळू लागतात. म्हणून आमची टेबलं, बशा, सगळं कोमट असतं. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या संशोधन संस्थेतले डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ ला वैज्ञानिक नोंद असलेल्या भारतातल्या पहिल्या टेस्टट्यूब बाळाचा, हर्षाचा, जन्म झाला. आजच्या मानाने किती तुटपुंज्या साधनांवर ते काम झालं असेल, हे रोज या टेबलाशी बसणाऱ्याला जास्त जाणवतं.

आता माणसाबद्दल. २०१५ मध्ये शू यांच्या गटाने मानवी अंडपेशीत स्पिंडल बनताना प्रत्यक्ष पाहिला. अंडपेशी स्त्रियांनी संमतीने दिलेल्या होत्या, अपरिपक्व असल्यामुळे उपचाराला न वापरता येणाऱ्या. साध्या पेशीत स्पिंडल अर्ध्या तासात उभा राहतो, उंदराच्या अंडपेशीत तीन ते पाच तासांत. मानवी अंडपेशीला लागले साधारण १६ तास! आणि त्या काळात स्पिंडल कितीदा तरी डळमळतो. दोन टोकं होतात, मध्येच तिसरं फुटतं, परत मिटतं. गुणसूत्रांची पकड चुकीची बसायला यातच वाव मिळतो.

जुना_मेकॅनिक

१६ तास? मग माझा आक्षेप परत उभा राहतो. उंदराचा स्पिंडल नीट होतो आणि माणसाचा डळमळतो, म्हणजे एखादा सुटा भाग कमी पडतोय का?

पेशीवेडा

मेकॅनिक साहेब, बरोबर तिथेच बोट ठेवलंत. २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये चुन सो, मेलिना शू आणि सहकाऱ्यांनी हेच दाखवलं. मानवी अंडपेशीत केआयएफसी१ ही मोटर जवळजवळ नाहीच. केआयएफसी१ म्हणजे कायनेसिन-१४, आपल्या माशीच्या एनसीडीची भाऊबंद. उंदराच्या आणि गाईच्या अंडपेशीत ती असते. तिथून ती काढली तर त्यांचे स्पिंडलही माणसासारखे डळमळू लागले. आणि मानवी अंडपेशीत बाहेरून घातली तर स्पिंडल स्थिर झाला, चुकाही कमी झाल्या. न्यूमा आणि डायनीन माणसात टोकं बांधतातच, पण जुडगा घट्ट धरणारा हा हात तिथे नाही.

हे वाचून मला फार वेळ गप्प बसवेना, लॅबमधल्या सगळ्यांना गाठून सांगत सुटलो होतो. १९२९ ची डोळ्यांचा रंग बदललेली माशी आणि आज दवाखान्यात बसलेलं जोडपं यांच्यात इतका सरळ दुवा निघेल असं कुणाला वाटलं असतं?

फळमाशी

मान पहिला, म्हटलं नव्हतं?

चौकस_ठाणेकर

एक बाजू राहून जातेय. त्याच २०२२ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या गटाने 'सायन्स'मध्येच लिहिलं की मानवी अंडपेशीत नलिका उगवणारी एक स्वतंत्र रचना असते. ती पेशीच्या कडेला तयार होते, केंद्रकाच्या आवरणापाशी येते आणि तिथून नलिकांना सुरुवात होते. मग 'मानवी अंडपेशीत असं केंद्र नसतं' हे शू यांच्या गटाचं २०१५ चं विधान टिकतं का? रोहिणीताई वर्गात सांगणार असतील तर दोन्ही बाजू सांगाव्यात.

पेशीवेडा

मुद्दा रास्त. ती रचना तारककेंद्र नव्हे, तिचे घटक पाहिले तर टीएसीसी३ वगैरे प्रथिनं. ती केंद्रकापाशी येऊन विखुरते आणि नलिकांच्या जन्माला हातभार लावते, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे वाद आहे तो नलिका प्रथम कुठे उगवतात याबद्दल. उगवलेल्या नलिकांची दोन टोकं करायची तर मोटरी लागतातच, त्यावर दोन्ही गटांच्या कामाने फरक पडत नाही.

फुदानच्याच संशोधकांनी आधी, २०१६ मध्ये, टीयूबीबी८ या जनुकातले बिघडलेले प्रकार शोधले होते. ट्युब्युलिनचा हा प्रकार मानवी अंडपेशीत खास असतो. तो बिघडला तर स्पिंडल नीट होत नाही, अंडपेशी अर्ध्यात थांबते आणि मूल होत नाही. मोटर शाबूत असली तरी तिच्या पायाखालचा रस्ताच खचलेला.

अबोली

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. माझे दोन गर्भपात झाले, दोन्ही तिसऱ्या महिन्याच्या आत. दुसऱ्या वेळी तपासणीत गुणसूत्र जास्त असल्याचं आलं. घरात मात्र ऐकावं लागलं की जिने चढलीस, प्रवास केलास, ऑफिस सोडलं नाहीस. वय ३८ आहे. वरचं वाचून विचारावंसं वाटतं: हा स्पिंडल डळमळण्यात माझ्या वागण्याचा काही भाग असतो का?

डॉ_सई

अबोलीताई, नाही. जिने चढल्याने, प्रवासाने, ऑफिसला गेल्याने गुणसूत्र जास्तीचं येत नाही. ती वाटणी बहुतेक वेळा अंड्यातच, गर्भ राहण्याआधी झालेली असते. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांमध्ये गुणसूत्रांची संख्या चुकलेली आढळते. घरात जे बोललं गेलं ते चुकीचं आहे, आणि हे मी रोज सांगते तितक्याच ठामपणे तुम्हालाही सांगते. हवं तर हा प्रतिसाद त्यांना वाचायला द्या.

पेशीवेडा

सईताईंना पुष्टी देऊन वयाबद्दल थोडं. केआयएफसी१ ची कमतरता सगळ्याच मानवी अंडपेशींत असते, विशीतल्याही. वयाचा भाग बराचसा वेगळा आहे. स्त्रीच्या अंडपेशी ती स्वतः आईच्या पोटात असतानाच अर्धसूत्री विभाजनाला लागतात आणि मध्येच थांबतात. जन्माच्या वेळी अशा दहा ते वीस लाख थांबलेल्या असतात. एखादी तिशी-चाळिशीत पुढे सरकते. तोवर तिच्या गुणसूत्रांच्या जोड्या कोहेसिन नावाच्या प्रथिनाने धरून ठेवलेल्या असतात. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की हे कोहेसिन जन्माआधी बसतं आणि नंतर नवं भरलं जात नाही. वर्षं जातात तसं ते झिजतं, जोड्या सैलावतात, मग मोटरींनी ओढून-ढकलून कितीही नीट रांग लावली तरी जोडी वेळेआधी सुटते. डाऊन सिंड्रोमचं प्रमाण आईच्या २५ व्या वर्षी साधारण १२५० जन्मांत १ असतं, ४० व्या वर्षी साधारण १०० त १, ते मुख्यतः यामुळे.

यात कुणाचा दोष शोधणं म्हणजे नलिकेला दोष देण्यासारखं आहे. ज्यांनी तुम्हाला बोल लावले त्यांचा राग येतो.

सुमतीबाई

अबोली, आमच्या वेळी तर हे बोलायचीही सोय नव्हती. तू लिहिलंस ते बरं केलंस. जेवत जा वेळेवर.

अबोली

सईताई, पेशीवेडा, सुमतीमावशी, मनापासून आभार. प्रतिसाद घरी वाचून दाखवला. सासूबाईंनी दोनदा वाचायला लावला.

नाथा_सोलापूर

मला एक साधी शंका. एवढा मोठा मांडव मध्यभागी घातला तर अंडं निम्मं निम्मं व्हायला पाहिजे. पण अंडं एकच मोठं राहतं ना?

फळमाशी

वा नाथाभाऊ! म्हणूनच स्पिंडल मध्ये राहत नाही, कडेला सरकतो. मग एक भाग इवलासा निघतो, त्याला ध्रुवीय पिंड म्हणतात. पोषणद्रव्य जवळजवळ सगळं अंड्याकडेच राहतं. सरकवतं कोण हे पुन्हा प्राण्यावर. सूत्रकृमीत कायनेसिन-१ स्पिंडलला कडेला नेतं. उंदरात मात्र मोटरी नलिकांवरून नेत नाहीत, अॅक्टिन या दुसऱ्या तंतुमय प्रथिनाच्या जाळ्याने तो सरकतो. फॉर्मिन-२ हे अॅक्टिन बनवणारं प्रथिन नसेल तर स्पिंडल मध्येच अडकून बसतो.

जुना_मेकॅनिक

शेवटचा प्रश्न. बल किती आणि वेग किती? आकडे मिळाल्याशिवाय मला झोप यायची नाही.

पेशीवेडा

नेहमीचं, माल वाहणारं कायनेसिन-१ सेकंदाला पाऊण-एक मायक्रोमीटर जातं, आणि सुमारे ६ पिकोन्यूटन विरोध झाला की थांबतं. कायनेसिन-५ फार सावकाश, सेकंदाला काही दशक नॅनोमीटर एवढंच. पण ते एकट्याने काम करत नाही, एका स्पिंडलवर कितीतरी असतात. घाईपेक्षा नलिका धरून ठेवणं त्याला महत्त्वाचं.

रोहिणी_क

सगळ्यांचे प्रतिसाद छापून घेतले आहेत. वर्गासाठी मी असं ठरवलंय: फळ्यावर आधी गुणसूत्रं काढायची, मग त्यांच्याभोवती वाट्टेल त्या दिशेच्या नलिका, प्रत्येकीला अधिक आणि उणे चिन्ह. मग मुलांनाच दोन प्रकारच्या मोटरी द्यायच्या, बाहेर ढकलणाऱ्या आणि टोकं बांधणाऱ्या, आणि आकृती पुरी करायला सांगायचं. फळमाशी म्हणतात तसं मोटरींची नावं मागाहून. चौकस, २०१५ आणि २०२२ चा वादही सांगेन. विज्ञानात अजून काही शोधायचं बाकी आहे हे मुलांना कळलं पाहिजे.

गंपूशेठ

परीक्षेत जुनी आकृतीच येणार, मॅडम.

रोहिणी_क

येऊ दे. ती त्यांना येतेच. हीसुद्धा येईल.

चौकस_ठाणेकर

सईताई, मानवी अंडपेशीत केआयएफसी१ घातल्यावर स्पिंडल स्थिर झाला असं पेशीवेडा म्हणतात, तर आयव्हीएफमध्ये ते वापरायला सुरुवात झाली का? आमच्या नात्यातल्या एका जोडप्याला कुणीतरी 'स्पिंडल मजबूत करणारं' पॅकेज सांगितलंय.

डॉ_सई

नाही. तो प्रयोगशाळेतला प्रयोग होता, त्या अंडपेशींपासून गर्भ करायचा नव्हता. बाहेरून मोटर घातलेल्या अंड्यातून होणाऱ्या मुलाला पुढे काय होईल हे तपासल्याशिवाय कुणी तसा उपचार देऊ शकत नाही. स्पिंडल मजबूत करणारी गोळी किंवा इंजेक्शन आज बाजारात नाही. ध्रुवित प्रकाशात स्पिंडल बघता येतो, तो बघणं हा उपचार नव्हे. त्या जोडप्याला सांगा, पॅकेजमध्ये नक्की कुठलं औषध आहे ते नावासकट लेखी मागा आणि ते घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. हवं असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा, कागद बघून सांगते.